सात मीटर

गफ्फारभाई खालून विचारतात, "और ऊपर, बाईसाहब?"
आणि मी म्हणते, अजून.
नळीतून नळी सरकते,
एका खिळीचं भोक जुळतं, दुसऱ्याचं जुळत नाही,
ते हातोडीनं त्याची समजूत घालतात.
शेजारच्या टाकीपेक्षा वर,
टाकीवरच्या कावळ्यापेक्षा वर,
वीस मीटर.
चाळीस मीटरची लहर, तिच्या निम्मी उंची.
एवढ्या उंचीवरची तार
डोक्यावरच्या आकाशाशी बोलत नाही,
क्षितिजाकडे बघते.

मला क्षितिज हवं होतं.
लष्करच्या तारघरात चौतीस वर्षं
लोकांचे जन्म आणि मरणं ठोकली,
शब्दाशब्दाचे पैसे मोजून घेतले,
स्वतःचा एक शब्द कधी लांब पाठवला नाही.
तारघर बंद झालं.
फंडातून मी हे लोखंड घेतलं.
भाचा म्हणाला, आत्या, या पैशात केदारनाथ झालं असतं.

पहिल्याच रात्री, पौषातल्या, तीनच्या सुमारास
किल्ल्याच्या खांद्यावरून
फिनलंडचा कुणी व्हेइको आला.
म्हणाला, इथे उणे बावीस.
म्हणाला, तुमचा आवाज पाच-नऊ.
सगळ्यांना पाच-नऊच देत असणार तो,
तरी मी वहीत लिहिलं, वेळ, लहर, नाव,
आणि शालीच्या आत एकटीच हसत बसले.
मग जपान. मग मादागास्करजवळचं एक जहाज,
त्यावरच्या माणसाला फक्त झोप येत नव्हती.

सकाळी साडेसातला, नेहमीसारखी,
इंदूरला हाक दिली.
रामबागेतला भार्गव मुळ्ये.
बदली होईपर्यंत माझ्या समोरच्याच टेबलावर बसायचा.
आता गुडघे गेलेत, डावा कान गेलाय,
उजव्यावर हेडफोन, आणि त्यात मी.
पोह्यांवर आज शेव किती,
एवढंच सांगायला आम्ही रोज
आख्खं आकाश वापरतो.

इंदूर नव्हतं.
कढईत तेल तापावं तशी सुरसुर,
आणि तिच्या तळाशी काहीतरी.
तो बोलत होता,
की तो बोलतोय असं मला हवं होतं,
सांगता येत नाही.
दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.
चौथ्या दिवशी त्याच्या सुनेचा फोन:
"काकू, तुम्ही सेट बंद केलात का?
बाबा साडेसातला बसतात ते उठतच नाहीत.
पोहे निवतात."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही.
परवान्याच्या परीक्षेत हाच प्रश्न मी
आकृती काढून सोडवला होता.
उंच तारेची हाक लांब पडते,
मधल्या मुलखाच्या डोक्यावरून निघून जाते.
शिवपुरी, गुना, ब्यावरा, देवास,
सगळे तिला मुके.
इंदूरशी बोलायचं तर तार खाली हवी,
इतकी खाली की आवाज जवळजवळ सरळ वर चढेल,
वरच्या थराला टेकेल,
आणि वाटीतलं ताक कलंडावं तसा
चहूकडे सांडेल.
किल्ला त्याला आडवा येत नाही.
जवळच्या माणसाकडे जायचा रस्ता
तीनशे किलोमीटर वरून जातो,
हे आकृतीत किती साधं दिसलं होतं.

"नीचे?" गफ्फारभाईंनी पान थुंकून पुन्हा विचारलं.
"पैसे तो ऊपर के दिए थे आपने."
मग त्यांनी टोकाला कप्पी बसवली,
रात्री वर, सकाळी खाली,
आठवडाभर मी दोरी ओढली,
तळहात सोलले, खांदा धरला.
आठव्या रात्री दोरी खुंटीला होती तशीच ठेवली.
व्हेइको आला असेल. आला असेल आणि गेला असेल.

आता तार सात मीटरवर आहे,
वाळत घातलेल्या साडीपेक्षा थोडी उंच.
वर तेरा मीटर नुसतं लोखंड,
त्याच्या टोकावर कावळा राहायला आलाय.

"आज बरी येतेस," भार्गव म्हणतो.
"पाच-सात. मागून कुकरची शिट्टी येतेय तुझ्या."
पाच-नऊ तो मला कधीच देत नाही.
"शेव?"
संपलीये, मी म्हणते, आणि हे त्याला
नीट ऐकू जातं.